बाळंतीण, डॉक्टर आणि कायदा

(द्वितीय वर्ष, कला)

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणतात. या म्हणण्यात आनंद आहे, तशी भीतीही आहे. पूर्वी घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हाताखाली बाळंतपणे होत. काही बिघडलेच तर दोष नशिबाला, बाहेरच्या बाधेला, नाहीतर त्या बाईच्याच पायगुणाला दिला जाई. आता चित्र बरेच पालटले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील दर शंभरांपैकी ८८ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला आणि महाराष्ट्रात तो ३३ होता. ही प्रगती लहान नव्हे. हजारो घरांतील चुली त्यामुळे पेटत्या राहिल्या आहेत.

परंतु घरातून दवाखान्यात गेल्याबरोबर एक नवा प्रश्नही आपल्यासोबत दवाखान्यात शिरला. सुईणीच्या हातून काही झाले तर कोणी जाब विचारत नसे. दवाखान्यात मात्र पदवी घेतलेला डॉक्टर असतो, पैसे घेतले जातात, सही घेतली जाते. तेथे बाळंतिणीला कायमची इजा झाली तर त्याला काय म्हणायचे? दैव म्हणायचे की दोष? दोष असेल तर तो कोणी ठरवायचा, आणि तो ठरल्यावर पुढे काय?

खेड्यापाड्यांत या प्रश्नाची दोनच उत्तरे मला ऐकू येतात. एक, ‘नशिबात होते ते झाले’. आणि दुसरे, ‘फोडा दवाखाना’. या दोहोंच्या मधून कायद्याची एक वाट जाते. ती अरुंद आहे, लांबही आहे. पण ती आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. तरीही या वाटेची माहिती मला का गोळा करावी लागली, ते ओघाने येईलच. प्रस्तुत लेखात ती माहिती सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बाळंतपणानंतर काय काय होऊ शकते?

मूल जन्माला आले की आपण पेढे वाटायला धावतो. बाळंतिणीच्या दृष्टीने खरी जोखमीची वेळ मात्र तेव्हाच सुरू होते. वार सुटून बाहेर पडली की गर्भाशय आवळून घट्ट व्हावे लागते. ते घट्ट झाले म्हणजे आतल्या उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडे दाबली जातात आणि रक्त थांबते. गर्भाशय सैल राहिले, वारेचा तुकडा आत राहिला, आत कोठे फाटले किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडली, तर रक्त वाहतच राहते. नेहमीच्या बाळंतपणात अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले, तर वैद्यकशास्त्र त्याला धोक्याचा रक्तस्राव मानते. भरल्या दिवसांच्या गर्भाशयाला दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्ताचा पुरवठा होत असतो, हे लक्षात घेतले म्हणजे येथे मिनिटांना काय किंमत आहे ते कळून येईल. म्हणूनच मूल जन्मताच गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; आणि म्हणूनच पहिले काही तास बाळंतिणीची नाडी, रक्तदाब आणि अंगावरून जाणारे रक्त वरचेवर पाहावे लागते.

दुसरा धोका जंतूंचा. याला पूर्वी सूतिकाज्वर म्हणत. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टराला असे आढळले की, शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच हा ताप येतो. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्याच्या सहकाऱ्यांना मात्र ते रुचले नाही. बरे करणारा हातच अपाय करू शकतो, ही गोष्ट मान्य करणे कोणत्याही काळी जडच जाते.

याशिवाय बाळंतपणात खालची जागा गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटणे, अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडून लघवी सतत गळत राहणे, रक्तदाब वाढून बाळंतपणानंतरही झटके येणे, सिझरच्या जखमेत पू होणे, अशा कितीतरी गोष्टी घडू शकतात. यांतील काही दुखणी आयुष्यभराची असतात. लाजेपायी बायका ती कोणाला सांगतही नाहीत.

प्रत्येक गुंतागुंत म्हणजे गुन्हा नव्हे

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी अत्यंत काळजी घेणाऱ्या डॉक्टरच्या हातूनही घडू शकतात. रक्तस्राव कोणाला होईल हे दरवेळी आधी सांगता येत नाही. म्हणून वाईट परिणाम झाला, एवढ्यावरून कायदा डॉक्टरला दोषी धरत नाही. तक्रार करणाऱ्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. डॉक्टरने रुग्णाची जबाबदारी घेतली होती. त्या जबाबदारीत त्याने कसूर केली. त्या कसुरीमुळेच इजा झाली. आणि इजा झाली म्हणजे नुकसान झाले. यांतील तिसरी पायरी सर्वांत अवघड असते. कसूर दिसली तरी तिच्यावाचून इजा टळली असती का, हे पुन्हा वेगळे सांगावे लागते.

कसूर म्हणजे काय, याचे माप इंग्लंडमधील १९५७ सालच्या एका खटल्यातून आले. ते ‘बोलम कसोटी’ या नावाने ओळखले जाते. त्या शाखेतील साधारण कौशल्याचा, जबाबदारीने वागणारा डॉक्टर त्या प्रसंगी जसे वागला असता, तसे हा वागला की नाही, एवढेच त्यात पाहिले जाते. तो जगातला सर्वांत हुशार डॉक्टर असावा अशी अपेक्षा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच माप स्वीकारले आहे. तत्पूर्वी १९६८ साली त्याच न्यायालयापुढे पुण्यातील एका डॉक्टरविरुद्धचा खटला आला होता. कोकणात अपघात होऊन मांडी मोडलेला एक तरुण उपचाराला पुण्यात आणला होता आणि तेथे तो दगावला. त्या निवाड्यात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे विचारपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यावा हे विचारपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक देणे.

बाळंतपणाला ही कर्तव्ये लावून पाहावीत. जवळ रक्ताची सोय नाही, भूल देणारा डॉक्टर नाही, अशा ठिकाणी जोखमीची बाळंतीण ठेवून घेतली का? वार पूर्ण पडली की नाही ते तपासले का? रक्त जात असताना कोणी पाहिले का? आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे कळल्यावर पुढे पाठवायला किती वेळ लावला? कायदा विचारतो ते प्रश्न असे साधे असतात. ते समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

औरंगाबादचा खटला

आपल्या मराठवाड्यातच घडलेले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी इस्पितळात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. मुलगा झाला. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिला खूप ताप चढला आणि पोटात असह्य दुखू लागले. दिवस जात राहिले, प्रकृती ढासळत गेली. १९ जुलैला पोट पुन्हा उघडले, तेव्हा रक्त टिपण्याचे कापड आतच राहिलेले आढळले. पू झालेला होता. २४ जुलैला ती बाई वारली. मागे तान्हे मूल राहिले.

तिच्या माणसांनी सरकारवर दिवाणी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई द्यावी असा हुकूम दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा हुकूम कायम केला. १९६३ ते १९९६! जन्माला आलेला तो मुलगा निकालाच्या वेळी बत्तीस वर्षांचा झाला असणार.

विलंबाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तर या निवाड्याने दोन मोठ्या गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, पोटात कापड राहिले असेल तेथे रुग्णाने आणखी काय सिद्ध करायचे? वस्तुस्थिती स्वतःच बोलते. अशा वेळी, आपण काळजी घेतली होती, हे सांगण्याचा भार डॉक्टरवर आणि इस्पितळावर येतो. दुसरी गोष्ट अशी की, इस्पितळ चालवणे हे काही सैन्य ठेवण्यासारखे राजसत्तेचे खास काम नाही. तेव्हा ‘आम्ही सरकार आहोत, आमच्यावर दावा चालत नाही’ असे सरकारला म्हणता येणार नाही. नोकरांच्या कसुरीची जबाबदारी सरकारवरही येते. त्याच निवाड्यात न्यायालयाने हेही बजावले आहे की, डॉक्टराडॉक्टरांचे कौशल्य वेगवेगळे असते, एका रोगावर उपचारांच्या अनेक रीती असतात, आणि मान्य रीतीने काळजीपूर्वक उपचार करणाऱ्याला केवळ रुग्ण वाचला नाही म्हणून दोषी ठरवू नये. मला या निवाड्यातील हा तोल महत्त्वाचा वाटतो.

दुसरे उदाहरण चेन्नईचे. १९९६ साली तेथील सरकारी इस्पितळात दिवस पुरे होण्याआधीच एक मुलगी जन्मली. अशा मुलांच्या डोळ्यांचा पडदा बिघडण्याचा धोका असतो आणि ठरावीक आठवड्यांत डोळे तपासले तर दृष्टी वाचवता येते. ती तपासणी कोणी सुचवली नाही. मुलगी आंधळी झाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये भरपाई मंजूर केली. येथे डॉक्टरांनी काही वाईट केले होते असे नव्हे. जे करायला आणि सांगायला हवे होते ते केले नाही, हीच कसूर ठरली.

आमच्या घरातील कागद

आता मी हे सारे का वाचले ते सांगते. माझी थोरली बहीण तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. त्या रात्री ताईच्या अंगावरून फार रक्त गेले. पहाटे ‘जिल्ह्याला न्या’ असे सांगण्यात आले. तेथील डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, पण त्यासाठी पिशवी काढावी लागली. तेव्हा ताई बावीस वर्षांची होती. बाळ आता सव्वा वर्षाचे आहे. दागिने गहाण पडले ते अजून सुटलेले नाहीत. पहिली मुलगी, आणि आता पुढे मूल नाही. तेव्हा सासरी काय काय बोलले जात असेल ते वाचकांना सांगायला नको.

दाजींचे चुलते म्हणाले, नशीब. गावातली पोरे म्हणाली, चला, काचा फोडू. अप्पांनी पोरांना हात जोडून परत पाठवले. ते म्हणाले, “उद्या तुमच्याबी घरातली बाई तिथंच न्यायची हाय.” ते खरेच होते. आसपासच्या वस्त्यांना रात्रीबेरात्री उघडे दार असलेला तो एकच दवाखाना आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणींचा जन्म तेथलाच आहे.

मग एका संध्याकाळी अप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले कागद माझ्यापुढे ठेवले. “तू शिकायलीस ना, मग बघ ह्यात काय लिहिलंय.” आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अप्पा सही करतात, आई अंगठा देते. ज्या कागदांवर त्यांनी त्या रात्री सह्या-अंगठे केले होते, ते आमच्या घरात कोणी वाचलेलेच नव्हते. पिशवीत औषधांची बिले होती, जिल्ह्याच्या इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड होते; आणि पहिल्या दवाखान्याचा एकच चतकोर कागद होता. त्यावर ‘पुढील उपचारासाठी पाठवीत आहे’ एवढेच लिहिलेले.

दवाखान्यात जाऊन केसपेपर मागितला तर ‘साहेब गावाला गेलेत’ असे उत्तर मिळाले. तेव्हा मी वाचू लागले. वाचता वाचता कळले की, २००२ साली केलेल्या वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेत याचा स्पष्ट नियम आहे. दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवली पाहिजेत, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास ७२ तासांच्या आत त्यांची नक्कल दिली पाहिजे. मी साध्या मराठीत अर्ज लिहिला, नियमाचा उल्लेख केला, खाली ताईची सही घेतली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. चौथ्या दिवशी नकला मिळाल्या.

त्यात संध्याकाळी सात वाजता बाळंत झाल्याची नोंद आहे. सव्वासातला नाडी आणि रक्तदाब लिहिलेला आहे. त्यापुढची नोंद एकदम पहाटे पावणेचारची. मधल्या साडेआठ तासांचे काहीच नाही. कोणी पाहिलेच नाही, की पाहिले पण लिहिले नाही? पाहिले असते तर पिशवी वाचली असती का? याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते देण्याचा अधिकारही माझा नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाला दोषी म्हणणे हे काचा फोडण्याचेच दुसरे रूप होईल. परंतु हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, एवढे त्या कागदांनी मला दाखवले.

दाद कोठे मागायची?

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात ठरवले. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्याचा शब्द नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असा युक्तिवाद करण्यात आला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तो निर्णय उचलून धरला.

या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेपोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापलीकडे राष्ट्रीय आयोग, अशी वाटणी आहे. गरिबाच्या दवाखान्याचे बिल जिल्हा आयोगातच बसते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही. आणि हवा असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाची कचेरी असते. आपल्या महाविद्यालयातील किती विद्यार्थिनींना हे ठाऊक आहे?

एक मर्यादा मात्र कडक आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. उशिराचे सबळ कारण दिले तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. बाळंतिणीच्या बाबतीत ही दोन वर्षे फार लवकर सरतात. पहिले सहा महिने दुखण्यात जातात, पुढचे कर्ज फेडण्यात.

सर्वांना मोफत उपचार देणारे सरकारी इस्पितळ या कायद्याच्या बाहेर राहते. नोंदणीचे पाच-दहा रुपये भरले म्हणून त्यात फरक पडत नाही. तेथे औरंगाबादच्या खटल्याप्रमाणे दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो. मात्र ज्या इस्पितळात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत उपचार देतात, तेथील मोफत रुग्णालाही ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

तिसरी जागा म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती भरपाई देत नाही. डॉक्टरच्या वागणुकीची चौकशी करते आणि ताकीद देण्यापासून नोंदवहीतून नाव कमी करण्यापर्यंत शिक्षा देऊ शकते.

आयोगापुढे पुरावा बहुतांशी कागदांचाच असतो. बऱ्याच प्रकरणांत दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत लागते आणि ते मिळवणे सोपे नसते, कारण एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायला धजत नाही. तथापि प्रत्येकच प्रकरणात तज्ज्ञाचे मत पाहिजे असे नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे. भरपाई ठरवताना उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढचे उपचार, सोसलेल्या वेदना आणि कायमची हानी यांचा विचार होतो. संमतीचाही प्रश्न येतो. एका तपासणीसाठी घेतलेल्या सहीवर गर्भाशय काढून टाकता येत नाही, असे २००८ सालच्या एका निवाड्यात ठरले; जीव वाचवण्यासाठी ते तातडीने करावेच लागले तर गोष्ट वेगळी.

पोलीस आणि दगड

“डॉक्टरला आत टाका” ही मागणी आपण नेहमी ऐकतो. फौजदारी कायद्याचे माप मात्र भरपाईच्या कायद्यापेक्षा पुष्कळ कठोर आहे. २००५ सालच्या ‘जेकब मॅथ्यू’ निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, साधी चूक किंवा अंदाज चुकणे हा गुन्हा होत नाही. हलगर्जीपणा अत्यंत ढोबळ असला पाहिजे. शिवाय डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी त्या विषयातील निःपक्षपाती डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे माप मोडले तर काय होते, त्याचे उदाहरण राजस्थानातील लालसोट येथे मार्च २०२२ मध्ये घडले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एक बाई दगावली. जमाव जमला, धरणे धरले गेले, आणि पोलिसांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंवर चक्क खुनाचे कलम लावले. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरबाईंनी आत्महत्या केली. एका घरातील आई गेली, तिच्यामागे दुसऱ्या घरातीलही आई गेली. आणि त्या रक्तस्रावात काही कसूर होती की नव्हती, हा मूळ प्रश्न जेथल्या तेथे राहिला. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टरवर किंवा दवाखान्यावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण शिक्षेचे भय बाजूला ठेवले तरी साधा हिशेब करावा. दगड पडलेला दवाखाना जोखमीची बाळंतीण पुन्हा घेत नाही. तिला दारातूनच ‘पुढे न्या’ म्हणतात, आणि पुढचे इस्पितळ साठ कोसांवर असते.

मग तक्रार कशासाठी?

आमच्या ताईला मी हे सारे वाचून दाखवले. तक्रार करायची की नाही हे तिनेच ठरवायचे होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पैशानं पिशवी परत येणार हाय का? पण मी रातभर हाका मारत होते, कोणी का आलं नाही, एवढं मला कळू दे.”

या वाक्याने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही निवाड्याने शिकवले नाही. कायदा पैशाची भाषा बोलतो, कारण त्याच्यापाशी दुसरी भाषा नाही. ‘का आले नाही’ या प्रश्नाचे मोल त्याला करता येत नाही. तरीसुद्धा तक्रार दाखल झाली की समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५ दिवसांत, आपले म्हणणे लेखी द्यावे लागते. म्हणजे त्या साडेआठ तासांत काय झाले, हे कोणीतरी सहीनिशी लिहून देणार. कदाचित त्यात आम्हांला ठाऊक नसलेले काही असेल. त्याच रात्री दुसरी अडलेली बाई आली असेल, एकटी सिस्टर दोन खोल्यांत धावत असेल. तसे असेल तर तेही कळावे. हाक मारणाऱ्या बाईला उत्तर मिळाले पाहिजे, मग ते कोणतेही असो. ताईने तक्रार करायचे ठरवले आहे. मसुदा मी लिहीत आहे. विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेले वकील तो तपासतील. मुदतीचे काही महिने अजून हातात आहेत.

निकाल काय लागेल, हे कोणी सांगू शकत नाही. तक्रार फेटाळलीही जाईल. पण दवाखान्यात दर तासाला नाडी पाहून लिहावी लागते, ती लिहिली नाही तर कोणीतरी विचारणारे आहे, एवढे जरी त्या गावी समजले, तरी पुढच्या बाळंतिणीला त्याचा उपयोग होईल. चांगल्या डॉक्टरलाही त्याचा उपयोगच आहे, कारण नीट लिहिलेला केसपेपर हाच त्याचा सर्वांत भक्कम साक्षीदार असतो.

शेवटी माझ्या सहाध्यायांना एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतून आलो आहोत. आपल्याला डॉक्टरी येत नाही, वकिली येत नाही. पण वाचता येते आणि अर्ज लिहिता येतो. घरी कोणी बाळंत होणार असेल तर सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवा. डिस्चार्जच्या दिवशीच केसपेपरची नक्कल मागा. बिले, रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा. पहिल्या रात्री बाळंतिणीजवळ जागे राहा आणि रक्त अधिक जाताना दिसले तर संकोच न करता डॉक्टरला उठवा. यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक संध्याकाळ या विषयासाठी ठेवावी, आणि त्या दिवशी गावातील डॉक्टरांनाही बोलवावे, अशी मी प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना करते. त्यांचेही म्हणणे गावाने ऐकले पाहिजे.